घोड्यावरून पडल्यानंतर

स्वार पडला की घोडा खोडीचा ठरवून विकण्याची घाई होते. ती करू नये. डोक्यास मार लागला असल्यास प्रथम डॉक्टरांस दाखवावे. मग कारण शोधावे. तंग सैल असल्यास खोगीर सरकते, खोगिराखाली जखम असल्यास घोडा उसळतो, खूर दुखत असल्यास ठेचाळतो. ठीक पाठीमागचे त्यास दिसत नाही, म्हणूनही तो बिचकतो. भ्यालेला स्वार लगाम ताणतो. त्याने घोडा अधिकच बावरतो. यास्तव दोष दूर करून, कुंपणाच्या आत, माहितगाराने दोर धरून घोडा प्रथम सावकाश चालवावा. मांड स्थिर झाल्यावरच दुडकी चाल घ्यावी. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या यात्रेस अश्वपालक जमतात. तेथे असे अनुभव परस्परांस अवश्य सांगावेत.