लेकरांचं पळणं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

औंढा नागनाथ तालुक्यातलं जवळा बाजार हे बाजारपेठेचं गाव. आई-बाप रानात नाहीतर दुकानात, रस्त्यावर वाहनांची धास्ती. अशा वेळी तीन-चार वर्षांचं लेकरू मोबाइल घेऊन गप बसलं की घरच्यांना हायसं वाटतं. पण या वयात इतकं गप बसणं चांगलं नाही.

गैरसमज : लेकरं दिवसभर पळतच असतात, वेगळं काय खेळवायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये हिशेब सांगितला आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी. त्यातला निदान एक तास दम लागेल असा. पडद्यासमोर बसणं एका तासाच्या आत, दोन वर्षांखाली नकोच. मुलीलाही हाच हिशेब लागू. तिला 'बस घरात' म्हणायला कोणताच आधार नाही.

गैरसमज : अंगणवाडीत नुसतं खेळवतात, शिकवत नाहीत.

हा समज सगळ्यात चिवट. यापायीच पोटाला चिमटा घेऊन नर्सरीची फी भरली जाते आणि तिथे साडेतीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबली जाते. ती धरायला आधी खांदा, दंड, मनगट बळकट व्हावं लागतं. चढणं, लोंबकळणं, चेंडू फेकणं, माती कालवणं ही त्याचीच तयारी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर बालशिक्षण नेलं, ते खेळाच्याच वाटेने. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतही पूर्वप्राथमिक शिक्षण आहे, तेही खेळातूनच द्यायचं. त्यामुळे अंगणवाडीतलं खेळणं हे शिकणंच आहे.

गैरसमज : अशक्त लेकराने खेळू नये, वजन उतरतं.

तीव्र कुपोषित बालकांच्या उपचारातसुद्धा रोज १५ ते ३० मिनिटं खेळ ठरवून घ्यावा आणि प्रकृती सावरताच हालचाल वाढवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अर्थात, सोबत पोटभर आहार हवा. थोड्याशा खेळानेही धाप लागत असेल, ओठ निळसर पडत असतील, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.

मैदान नाही ही अडचणही तितकी मोठी नाही. लंगडी, लपाछपी, आंधळी कोशिंबीर अंगणात किंवा आखाड्यावर होते. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर खेळवा, पाणी पाजत राहा.

आणि अंगणवाडीताईंना 'आज काय लिहिलं?' असं विचारण्याआधी 'आज किती वेळ पळाला?' हे विचारा.