खोल जागेतले मरण

जुन्या विहिरीचा गाळ काढायला उतरण्यापूर्वी खानदेशातला जाणता माणूस पेटता कंदील दोराने खाली सोडून पाहतो. नशिराबाद-भुसावळकडच्या शेतकऱ्याला ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागत नाही. कंदील विझला, की तळाशी जड, दूषित हवा साचली आहे असे समजायचे आणि उतरायचे नाही. पहिल्या महायुद्धात लाखो शिपाई अशाच खोल जागेत दिवसरात्र बसले होते; आणि तेथे जड हवा मुद्दाम सोडण्यात आली!

त्या शिपायांत आपलीही माणसे होती. १९१४ साली फ्रान्सला गेलेल्या लाहोर डिव्हिजनमध्ये खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. या दलात मराठे, शीख, मुसलमान असे सारेच असत. खंदक खणणे, काटेरी तारा ठोकणे, मुरंब्याच्या रिकाम्या डब्यांचे बॉम्ब करणे ही सॅपर्सची कामे. परंतु २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यव्ह शापेल गावात त्यांना घराघरांतून हातघाईची लढाई करावी लागली आणि त्यांची फार हानी झाली. मग हिवाळा आला. खंदकात गुडघाभर चिखलपाणी, अंगावर उवा, अन्नावर उंदीर. सतत ओल्या बुटांत पाय सुजत, काळे पडत. काहींचे पाय कापावे लागत. तरीही खंदकात एक दिलासा होता. तेथे गोळीपासून आसरा होता.

तो आसराही २२ एप्रिल १९१५ रोजी गेला. बेल्जममधील ईप्र शहराजवळ जर्मनांनी हजारो नळकांडी उघडून क्लोरीन वायू वाऱ्यावर सोडला. हा हिरवट पिवळा वायू हवेच्या अडीचपट जड. तो जमिनीलगत सरपटत आला आणि पाणी उतारावर धावावे तसा खंदकांत उतरला. क्लोरीनने फुप्फुसे पोळतात, त्यांत पाणी भरते आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरतो.

चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, लाहोर डिव्हिजनला तेथेच हल्ला चढवावा लागला. खरे मुखवटे नव्हते. ओले फडके तोंडाला धरायचे, एवढाच उपाय. जमादार मीर दस्त यांनी त्या धुरातही आपली तुकडी सावरली आणि आठ अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी नेण्यास मदत केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परंतु वायूची बाधा त्यांनाही झालीच.

त्या दिवसांत एक विलक्षण गोष्ट दिसून आली. खंदकाच्या कडेवर उभे राहिलेले त्या मानाने बचावले. तळाशी निजलेल्या जखमींचे मात्र हाल झाले. पण वर उभे राहावे तर गोळी! खाली वायू, वर गोळी, असा तो पेच होता.

पुढे याहून भयंकर वायू आले. १९२५ च्या जिनीव्हा कराराने त्यांचा युद्धातील वापर निषिद्ध ठरवला. १९९७ साली रासायनिक अस्त्रबंदीचा करार अंमलात आला आणि भारताने आपला जाहीर केलेला साठा २००९ पर्यंत नष्ट केला.

क्लोरीन मात्र आपल्या शेजारीच आहे. शहराचे पिण्याचे पाणी तोच शुद्ध करतो. २०१० साली मुंबईच्या हाजी बंदरात जुन्या नळकांड्यांतून तो सुटला आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. म्हणून घरातल्या मुलांनाही एवढे सांगून ठेवावे: असा वायू सुटला, तर तळघरात किंवा खड्ड्यात लपू नये, वाऱ्याबरोबर पळू नये. वाऱ्याला आडवे होऊन उंचावर जावे. आज वर गोळी नाही.