आरोग्य जीआरवर, सुरक्षा कायद्यावर
लेखमाला : आमदार आणि आपण – भाग ७

मागच्या आठवड्यात आपण आमदार निधीचा हिशेब पाहिला. आज कार्य अहवालाचं त्यापुढचं पान.

अधिवेशन संपलं की आमदारांची पत्रकं घरोघरी येतात. त्यांत आरोग्य आणि सुरक्षा हे विषय अनेकदा शेजारी शेजारी छापलेले असतात. एका चौकटीत महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून पाच लाखांपर्यंतचे उपचार, दुसरीत महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर. वाचणाऱ्याला वाटतं, दोन्ही कामं सभागृहानं केली. प्रत्यक्षात पहिलं काम मंत्रालयात झालं आणि दुसरं विधानभवनात. या फरकाचा आपल्या रोजच्या जगण्याशी थेट संबंध आहे.

आधी आरोग्य. ही योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ पासून फुल्यांच्या नावानं चालते. मूळची मर्यादा दीड लाखाची आणि लाभ मुख्यतः पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांना. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं मर्यादा पाच लाख झाली आणि पांढरी शिधापत्रिका असलेलेही आत आले. निर्णय चांगला आहे, तो मनापासून चांगला म्हणायला हवा. पण तो शासन निर्णय आहे, म्हणजे आपण ज्याला जीआर म्हणतो तो. विभागाचा अधिकारी राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने त्यावर सही करतो, तो शासनाच्या संकेतस्थळावर चढतो आणि लागू होतो. त्यासाठी विधेयक लागत नाही, सभागृहात मतदान होत नाही. आणि जो जीआरनं आला, तो दुसऱ्या जीआरनं बदलतोही. कोणती शस्त्रक्रिया यादीत राहील, रुग्णालयाला कोणत्या दरानं पैसे मिळतील, हे सगळं तिथंच ठरतं.

रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलापुढे उभं राहिलं की याचा अर्थ कळतो. शिधापत्रिका आहे, आधार आहे, कागद सगळे बरोबर आहेत, पण आजार यादीत नाही किंवा रुग्णालय योजनेशी संलग्न नाही. मग नातेवाईक आमदारांच्या कार्यालयात जातात. तिथून मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीसाठी शिफारसपत्र मिळतं, रुग्णालयाला फोन जातो. अनेक कार्यकर्ते या कामासाठी रात्री-अपरात्री धावतात आणि त्यांच्यामुळे माणसं वाचतात, हे मी हलक्यानं घेत नाही. मात्र ज्याची ओळख नाही, त्याचं काय?

ज्या ठिकाणी कायदा आहे, तिथं निदान बोट ठेवायला जागा असते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१कक खाली धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये त्याची योजनाच आखून दिली. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढायची, हेही त्यातलंच. खाट नाकारली तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते. अंमलबजावणीच्या तक्रारी ढीगभर आहेत. पण तक्रार करता येते, कारण हक्क कायद्यात लिहिलेला आहे.

आता सुरक्षा. जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा मांडलं गेलं आणि विधानसभेची मुदत संपल्यावर बारगळलं. डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात ते पुन्हा आलं आणि चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेलं. समितीनं लोकांकडून सूचना मागवल्या. बारा हजारांहून अधिक आल्या. मूळ मसुद्याचा रोख ‘व्यक्ती आणि संघटनां’च्या बेकायदेशीर कृत्यांवर होता. तिथं कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना अशी शब्दरचना आली. संघटनेवरची बंदी तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे विद्यमान किंवा निवृत्त न्यायाधीश असतील, असं ठरलं. तपास पोलिस उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेनं आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेनं विधेयक मंजूर केलं.

माझं मत सांगतो. बदल स्वागतार्ह आहेत, पण पुरेसे नाहीत. ‘तत्सम’ या शब्दात कोण बसतं, हे शेवटी सरकारच ठरवणार. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा सात वर्षांपर्यंत. अशा कायद्यात असा मोकळा शब्द राहणं मला धोक्याचं वाटतं. माओवादी हिंसेत गडचिरोलीनं किती सोसलंय हे ठाऊक असूनही वाटतं.

विधानसभेत हे विधेयक आवाजी मतदानानं मंजूर झालं. अध्यक्ष विचारतात, ‘होय’वाले ‘होय’ म्हणतात, ‘नाही’वाले ‘नाही’, आणि अध्यक्ष निर्णय जाहीर करतात. कुणी काय म्हटलं याची नावनिशी नोंद राहत नाही. डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी सभागृहात उघड विरोध केला, म्हणून त्यांची भूमिका आपल्याला माहीत आहे. तुमच्या आमदारांनी काय केलं? सदस्यांनी मतविभागणी मागितली असती तर प्रत्येकाचं नाव कागदावर आलं असतं. पत्रकात नुसतं ‘मंजूर’ लिहिलं असेल, तर आमदारांना त्यांची स्वतःची भूमिका विचारायला काहीच संकोच नको.

आणि इथंच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते येतं. या सुरक्षा विधेयकावर लोकांना सूचना पाठवता आल्या, समिती बसली, मसुद्यातले शब्द बदलले. उपचारांच्या हक्कावर सूचना पाठवायची तर कुठं पाठवणार? विधेयकच नाही. आरोग्याचे पैसे सभागृहापुढे येतात ते अर्थसंकल्पातल्या आणि पुरवणी मागण्यांतून, आणि वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकत्र मताला टाकल्या जातात. राजस्थाननं मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. खासगी डॉक्टरांनी त्याविरुद्ध मोठं आंदोलन केलं, तडजोडी झाल्या, त्या उघड्यावर झाल्या. तातडीच्या वेळी आगाऊ पैसे न मागता उपचार, ही गोष्ट तिथं कायद्याच्या मजकुरात आली. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या २०२१ च्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं बंधनकारक केलं, ही चांगली पायरी आहे. ती जवळच्या रुग्णालयात भिंतीवर दिसते का, हे पाहून या.

मंत्री नसलेल्या कोणत्याही आमदाराला अशासकीय विधेयक मांडता येतं. सभागृहात त्यासाठी वेळ राखलेला असतो. अशी विधेयकं क्वचितच मंजूर होतात, पण ती छापली जातात, मांडली जातात आणि सरकारला त्यांवर उत्तर द्यावं लागू शकतं. पुढचं पत्रक घेऊन कार्यकर्ते दारात आले की त्यांच्या हाती आमदारांसाठी एक साधं पत्र द्या : महाराष्ट्रासाठी आरोग्य हक्काचं विधेयक तुम्ही मांडणार का? उत्तर लेखी मागा.

(पुढील भागात : तारांकित प्रश्न आणि त्यांची उत्तरं)