१९ ग्रॅमचा पैलवान: बेअर्डेड ड्रॅगनचं वजन का वाढत नव्हतं

(या एपिसोडचं लिहिलेलं रूप. बोलताना जिथं अडखळले तिथं वाक्यं थोडी सरळ केलीयेत, बाकी जसंच्या तसं.)

मागच्या एपिसोडमध्ये पाठीमागून जी खरखर ऐकू येत होती ती फॅनची नव्हती. तो पैलवान होता, माझा बेअर्डेड ड्रॅगन, पेटीतल्या फरशीवर नखं घासत होता. हे मी इन्स्टावर सांगितल्यावर तिघा-चौघांचे मेसेज आले, सगळ्यांचा प्रश्न एकच: आमच्या पिल्लाचं वजन वाढतच नाहीये, खायला काय देऊ?

मीही सुरुवातीला हाच प्रश्न विचारत होते आणि त्यात माझा बराच वेळ गेला. तेवढ्यात पैलवान जवळजवळ गेलाच होता. म्हणून आजचा एपिसोड. एक आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, बीटेक करून कोड लिहिणारी मुलगी आहे. तुमचं पिल्लू डोळे मिटून पडलं असेल, पाय थरथरत असतील, तर हे ऐकणं थांबवा आणि सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे जा. सगळे व्हेट ते बघत नाहीत, निघण्याआधी फोन करून विचारा.

तर, मे महिन्याच्या शेवटी मी त्याला सोमाटणेला घरी आणलं. विकणाऱ्यानं सांगितलं चार महिन्यांचा आहे. एका टबमध्ये सात-आठ भावंडं होती आणि हा सगळ्यांच्या खाली दबून बसलेला. मला दया आली, घेतला. (दया येऊन प्राणी घेऊ नये हे नंतर कळलं. दुकानदार त्या जागी दुसरा आणतो.) घरी येऊन किचनच्या काट्यावर ठेवला, १९ ग्रॅम. चांगलं पोसलेलं पिल्लू चौथ्या महिन्यात ६० ग्रॅमच्या सहज पुढे असतं. आई म्हणाली, "अगं, हा तर आपल्या कुंपणावरच्या सरड्याएवढा आहे!" आणि बाबांनी त्याचं नाव पैलवान ठेवलं.

आईचं म्हणणं तसं चूक नव्हतं. कुंपणावरचा सरडा आणि हा एकाच कुळातले, अगॅमिडी. पण शेजारचे काका येऊन "घोरपड पाळलीस काय गं?" म्हणाले, ते मात्र चूक. घोरपड वेगळी, वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधली, ती पाळणं गुन्हा आहे. बेअर्डेड ड्रॅगन मूळ ऑस्ट्रेलियाचा, तिथल्या मधल्या कोरड्या भागातला. ऑस्ट्रेलियानं १९६० च्या दशकातच आपल्या वन्यप्राण्यांची विक्रीसाठीची निर्यात बंद केली, त्यामुळे जगभर घरात दिसतात ते पिंजऱ्यात जन्मलेल्यांची पिल्लं.

'कोरड्या भागातला' हे शब्द लक्षात ठेवा. कारण मी त्याला मावळात आणलं होतं, आणि दोन आठवड्यांत पाऊस सुरू झाला.

पहिले तीन आठवडे मी काय केलं? खायला घातलं. रातकिडे, सुपरवर्म, भोपळा, पुन्हा रातकिडे. तो थोडं खायचा, मग नुसता बसून राहायचा. रविवारी वजन करायचे: १९, २०, २०. मग मी सिरिंजनं पातळ खाणं तोंडात घालायला लागले. त्या आठवड्याचा आकडा १७.

इथं थांबून एक गोष्ट नीट समजून घेऊया, कारण सगळं प्रकरण तिच्याभोवतीच फिरतं. आपण जेवलो की शरीर आतून ३७ अंशांवर असतंच, भट्टी चालू. सरड्याची भट्टी बाहेर असते. अन्न पचवणारी एन्झाइम्स नीट चालायला बेअर्डेड ड्रॅगनचं अंग साधारण ३५ अंशांपर्यंत तापावं लागतं, आणि ते तापायला त्याला त्याहून गरम जागा लागते. ती मिळाली नाही तर पोटात गेलेलं पचत नाही, तसंच पडून राहतं, सडतं. वर भूकही मरते. म्हणजे थंड सरड्याला जबरदस्तीनं भरवणं म्हणजे चूल न पेटवता पातेल्यात तांदूळ टाकत राहणं. मी नेमकं तेच करत होते.

व्हेटनी पहिला प्रश्न विचारला, "बल्बखाली फरशीचं तापमान किती?" मी म्हणाले, "३८. पेटीला थर्मामीटर चिकटवलाय." त्यांनी हसून इन्फ्रारेड गन घ्यायला सांगितली. घरी येऊन मारली तर ३१! तो गोल चिकटवायचा थर्मामीटर काचेचं आणि आसपासच्या हवेचं तापमान सांगतो, तेही अंदाजे. सरडा ज्यावर पोट टेकतो त्या जागेचं नाही. तीन आठवडे मी चुकीच्या सेन्सरवर भरोसा ठेवून डिबगिंग करत होते. हसा.

पिल्लासाठी उन्हात बसायची जागा म्हणजे बास्किंगची जागा ४० च्या आसपास हवी, ३८ ते ४२. पेटीचं दुसरं टोक २५ ते २८, म्हणजे गरम झालं की त्याला पळता यायला हवं. ही दोन टोकं हवीतच. सगळी पेटी ४० वर नेली तर तो मरेल. रात्री सगळे दिवे बंद, वीस-बावीसपर्यंत उतरलं तरी चालतं. रात्रीचे लाल बल्ब लागत नाहीत, आणि ते विजेवर तापणारे दगड तर घेऊच नका, पोट भाजतं.

आता बल्ब. एलईडी उष्णता देत नाही, आणि इथल्या दुकानात जुना १०० वॅटचा तारेचा बल्ब मागितला तर लोक आपल्याकडे आजोबा असल्यासारखं बघतात. शेवटी कोंबडीची पिल्लं उबवणाऱ्या एका पोल्ट्रीवाल्याकडून मिळाला. त्याखाली शहाबादी फरशीचा तुकडा टाकला. फरशी उष्णता धरून ठेवते, लाईट गेली तरी थोडा वेळ गरम राहते, आणि नखं घासून झिजतात. खाली वाळू नको, पिल्लं ती गिळतात आणि आतडं तुंबतं. मी वर्तमानपत्र घालते.

लाईट गेली तर? पावसाळ्यात आमच्याकडे जातेच. साधा नियम: खाल्ल्यावर पुढचे दोन तास ऊब मिळेल अशी खात्री असेल तरच खायला द्यायचं. संध्याकाळी उशिरा नाही, लाईट जाऊन-येऊन करत असेल तर नाही. एक वेळ उपाशी राहिला तर काही होत नाही.

उष्णता झाली, आता यूव्हीबी. हे लोक सगळ्यात जास्त टाळतात, कारण ट्यूब महाग आहे. माझ्या पेटीत ती नव्हतीच. मी काय करायचे, पेटी खिडकीशी ठेवायचे, ऊन पडायचं, वाटायचं झालं काम. मंडळी, साधी काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते. काचेतून आलेलं ऊन दिसायला ऊन असतं, हाडांसाठी अंधार. शिवाय काचेच्या पेटीवर थेट ऊन आलं तर बंद कारसारखी भट्टी होते.

यूव्हीबी कशाला? साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण कातडीवर पडले की तिथं डी३ जीवनसत्त्व बनायची सुरुवात होते. डी३ असेल तरच आतड्यातून कॅल्शियम रक्तात जातं. नसेल तर कॅल्शियमची पावडर कितीही शिंपडा, बहुतेक बाहेर पडते, आणि शरीर गरजेपुरतं कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून काढायला लागतं. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. पैलवानचा पुढचा उजवा पाय मनगटाशी थोडा वाकडा आहे. एक्स-रेमध्ये हाडं पुसट दिसत होती. तो पाय आता सरळ होणार नाही.

त्यामुळे लांब टी५ ट्यूब घ्या, १० ते १२ टक्क्यांची, वाळवंटी प्राण्यांसाठी असते ती. पेटीच्या निम्म्याहून जास्त लांबीची, दिवसाला बारा तास. छोटे पिळाचे यूव्हीबी बल्ब एवढ्या पेटीला पुरत नाहीत. मधे काच किंवा प्लास्टिक नको. जाळी असेल तर तीही बराच यूव्हीबी खाते, तेवढं अंतर कमी करा. किती अंतरावर लावायची ते खोक्यावर असतं, वाचा. आणि ट्यूब पेटतेय म्हणजे चालू आहे असं नाही. उजेड तसाच राहतो आणि यूव्हीबी उतरत जातं, म्हणून वर्षाच्या आत बदलायची. मी ट्यूबवरच मार्करनं तारीख लिहिलीये.

पावसाळा उघडल्यावर सकाळचं खरं ऊनही देते, गच्चीवर पंधरा-वीस मिनिटं, सावलीची सोय ठेवून, आणि मी शेजारी बसून. आमच्या गच्चीवर घारी फिरतात. त्यांना हा पैलवान म्हणजे नाश्ता.

तिसरी भानगड शीमध्ये होती. व्हेटनी ताजी शी तपासली तर कॉक्सिडिया निघाले, आतड्यातले परजीवी. गर्दीत, एका टबमध्ये वाढलेल्या पिल्लांत हे खूप दिसतं. औषध त्यांनी वजनावरून मोजून दिलं, तो डोस मी सांगणार नाही, विचारूही नका. पण एक काम आपलं असतं: शी दिसली की लगेच उचलायची, कागद बदलायचा. कॉक्सिडियाची अंडी शीतून बाहेर पडतात आणि साध्या फिनाइलनं मरत नाहीत. मी फरशी रोज उकळत्या पाण्यानं धुवत होते. आई म्हणाली, "देवघर कधी एवढं धुतलं नाहीस."

आता एक प्रामाणिक कबुली. उष्णता, ट्यूब आणि औषध, तिन्ही मी एकाच आठवड्यात सुरू केलं. त्यामुळे नक्की कशानं फरक पडला हे मला सांगता येणार नाही. ऑफिसमध्ये कुणी असे तीन बदल एकत्र डिप्लॉय केले असते तर मी ओरडले असते. पण १७ ग्रॅमच्या जिवावर एकेक बदल करून बघायची हिंमत नव्हती.

आणि मग खाणं. तुम्ही ज्यासाठी आलात ते, शेवटी. पिल्लू असताना पाऊण हिस्सा किडे, पाव हिस्सा पाला. मोठा झाला की उलटं. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढं, उरलेले किडे काढून घ्यायचे, नाहीतर रात्री तेच त्याला चावतात. रातकिड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, म्हणून पावडर लावून द्यायचे, आणि आदल्या दिवशी किड्यांनाच चांगलं खायला घालायचं. मी रातकिडे अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये ठेवते, गाजर आणि शेवग्याचा पाला घालून. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या मिळाल्या तर उत्तम, त्यांत मुळातच कॅल्शियम भरपूर. सुपरवर्म म्हणजे पेढे. वजन पटकन दिसावं म्हणून रोज पेढे घातलेत तर यकृतावर चरबी चढते. काट्यावरचा आकडा खूश, प्राणी आजारी.

पाल्यात शेवगा, तुतीची पानं, जास्वंदीची फुलं, किसलेला लाल भोपळा. पालक आणि अळू नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

शेतातले नाकतोडे फुकट मिळतात म्हणून आणू नका. भातावर काय फवारलंय आपल्याला माहीत नसतं. आणि एक तर अजिबात नाही: काजवे. जूनच्या तोंडावर राजमाचीकडे आपण ते बघायला जातो ना, तेच. अमेरिकेत तिथल्या काजव्यांनी बेअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत, त्यांच्या अंगात हृदयावर परिणाम करणारं विष असतं आणि एकसुद्धा पुरतो. आपल्याकडचे काजवे वेगळे असतील, पण तो प्रयोग आपल्या प्राण्यावर नको. पावसाळ्यात खिडकीला जाळी लावा, ते आत येऊ शकतात.

दमटपणाचं राहिलं. पेटीत आर्द्रता ३० ते ४० टक्के बरी. जुलैत आमच्या हॉलमध्ये पापड उघडा ठेवला तर दहा मिनिटांत मऊ पडतो. मी पाण्याची वाटी पेटीतून काढली, दिवसा खोलीत डीह्युमिडिफायर लावला, आणि पाणी वेगळं देते, आठवड्यातून दोनदा कोमट पाण्यात पोट बुडेल एवढं बसवून. तिथं तो पितो, आणि बहुतेक वेळा शी पण करतो, तयारीत राहा.

वजन आठवड्यातून एकदाच करा. रविवारी सकाळी, खाण्याआधी, त्याच काट्यावर. रोज केलंत तर एका शीच्या फरकानं तुमचा दिवस खराब होईल. आकड्याबरोबर शेपटीचं मूळ बघा, भरलेलं आहे का, कमरेची हाडं टोचतायत का, डोक्यावरचे दोन उंचवटे बसलेत का. आणि वय खरं का तेही बघा. विकणाऱ्यानं 'चार महिने' सांगितलेलं पिल्लू दोन महिन्यांचंच असेल तर तुम्ही उगाच घाबरताय.

पैलवानचा तक्ता: जुलै सुरू होताना १७. पहिले दहा दिवस काहीच नाही. मग २१, २६, ऑगस्टअखेर ४४. दिवाळीत १२०. गेल्या रविवारी २१४. पूर्ण वाढलेला बेअर्डेड ड्रॅगन साधारण ३०० ते ५०० ग्रॅमचा असतो. हा बहुधा तिथं पोचणार नाही, लांबीत तो कमीच राहिलाय. व्हेट म्हणाले, अंगानं भरलेला आहे, शी स्वच्छ आहे, हाडं एक्स-रेत पांढरी दिसतायत, आता आकड्यामागे लागू नकोस. म्हणून सुपरवर्म महिन्यातून दोनदाच.

ज्यांनी मेसेज केले होते त्यांनी आधी गन घेऊन बास्किंगच्या जागेचं तापमान मोजा आणि तो आकडा मला पाठवा. खाण्याचं आपण त्यानंतर बोलू. आता साडेअकरा झालेत, तो फरशीवर तोंड उघडून बसलाय. तोंड उघडं ठेवणं म्हणजे अंग पुरेसं तापलंय. त्याच्या रातकिड्यांची वेळ झाली, निघते.