कस्टम्सच्या टेबलावरची जिऱ्याची पुडी

ऑस्ट्रेलियात उतरलेल्या प्रवाशाची विमानतळाबाहेर पडण्याआधी दोनदा तपासणी होते. पहिली पासपोर्टची. व्हिसा आधीच मिळालेला असल्यामुळे ती बहुतेकांच्या बाबतीत लवकर उरकते. दुसरी सामानाची, आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांचा वेळ जातो तो इथेच. मुलाकडे किंवा लेकीकडे दोन-तीन महिने राहायला निघालेल्या आईवडिलांच्या बॅगेत कपडे कमी आणि डबे जास्त असतात. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, डिंकाचे लाडू, तुपाची बरणी, सुकट, शेंगदाणे, घरच्या झाडाचे आंबे असे ते सामान. प्रेमाने बांधलेले हे सामानच जगातल्या सर्वात कडक तपासण्यांपैकी एका तपासणीपुढे उघडावे लागते.

ही तपासणी दोन खाती मिळून करतात. ऑस्ट्रेलियन बॉर्डर फोर्स हे दल १ जुलै २०१५ पासून काम करते. शस्त्रे, अमली पदार्थ, रोकड, दारू, तंबाखू आणि करपात्र माल हे त्याचे क्षेत्र. त्याच्या अधिकाराचा मुख्य आधार १९०१ चा कस्टम्सचा कायदा आहे. दुसरे आहे कृषी खाते. धान्य, बियाणे, फळे, दूध, मांस, लाकूड, माती, किडे आणि जनावरांचे रोग त्याच्याकडे येतात. यासाठी १९०८ चा क्वारंटाइनचा कायदा शतकाहून अधिक काळ लागू होता. त्याच्या जागी आणलेला २०१५ चा जैवसुरक्षा कायदा १६ जून २०१६ पासून अमलात आला. सोन्याच्या आणि परदेशी मालाच्या तपासणीची सवय असलेल्या भारतीय प्रवाशाला कस्टम्स म्हटले की पहिले खाते आठवते. ऑस्ट्रेलियात त्याची गाठ बहुधा दुसऱ्या खात्याशी पडते.

तपासणीची सुरुवात विमानातच होते. उतरण्याआधी हवाई कर्मचारी ‘इनकमिंग पॅसेंजर कार्ड’ वाटतात. नाव, पासपोर्ट क्रमांक आणि मुक्कामाचा पत्ता यांच्याबरोबर त्यावर सामानाविषयी होय-नाही असे प्रश्न असतात. बंदी असलेल्या किंवा निर्बंध असलेल्या वस्तू आहेत का, औषधे आहेत का, ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त दारू-तंबाखू आहे का, मोठी रोकड आहे का, मांस, मासे, अंडी, दूध, फळे, भाज्या आहेत का, धान्य, बिया, सुकामेवा, वनस्पती, पारंपरिक औषधे, लाकडी वस्तू आहेत का, प्राण्यांचे अवयव किंवा त्यांपासून केलेल्या वस्तू आहेत का, माती लागलेले काही आहे का. एक प्रश्न मागच्या ३० दिवसांचा असतो: या काळात शेतावर, गुराढोरांजवळ, रानात किंवा नदी-तळ्यावर जाणे झाले आहे का? सांगली किंवा संगमनेरकडच्या गावातून थेट मुंबईचे विमानतळ गाठलेल्या माणसाचे याला खरे उत्तर ‘होय’ असेच आहे. ते उत्तर दिले म्हणून कोणी परत पाठवत नाही. फार तर चपला-बूट तपासतात, आणि तळव्याला माती असेल तर स्वच्छ करायला लावतात.

हे कार्ड कायदेशीर दस्तऐवज आहे आणि खाली सही असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. शेजारच्या प्रवाशाचे बघून सगळीकडे ‘नाही’वर खूण करण्याची घाई महागात पडते, कारण बॅगेत निघालेल्या प्रत्येक वस्तूची तुलना त्या सहीशी होते. इंग्रजी अडत असेल तर विमानातल्या कर्मचाऱ्याला किंवा उतरल्यावर अधिकाऱ्याला विचारता येते, आणि विचारणाऱ्याला कमी लेखले जात नाही. २०२४ पासून काही उड्डाणांवर कागदी कार्डाऐवजी मोबाईलवर माहिती भरून घेण्याचा प्रयोग सुरू झाला, पण माध्यम कोणतेही असले तरी खरे उत्तर देण्याची जबाबदारी प्रवाशाचीच राहते.

एवढी कडक तपासणी का, हे समजून घेतल्याशिवाय या नियमांकडे माणूस उगाच छळ म्हणून पाहतो. ऑस्ट्रेलिया चहूबाजूंनी समुद्राने वेढलेला आहे, आणि त्यामुळे जगभर पसरलेले कित्येक रोग व किडी तिथे पोहोचलेल्या नाहीत. एकदा शिरलेला परका जीव तिथे काय करू शकतो, याचा अनुभवही त्या देशाने घेतला आहे. १८५९ मध्ये शिकारीच्या हौसेसाठी आणून सोडलेल्या मोजक्या सशांची संतती पुढे खंडभर पसरली आणि कुरणे खाऊन गेली. उसावरच्या किडीचा बंदोबस्त करण्यासाठी १९३५ मध्ये आणलेला विषारी केन टोड हा बेडूक आजही पश्चिमेकडे पसरतो आहे.

लाळ्या खुरकूत हा गुरांचा रोग महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला चांगला माहीत आहे. जनावराच्या तोंडाला आणि खुरांना फोड येतात, दूध आटते, बैल कामाला राहत नाही. भारतात तो आहे आणि त्यावर लसीकरण चालते. ऑस्ट्रेलियात तो १८७२ नंतर आलेला नाही. त्याचा विषाणू माणसाला आजारी करत नाही, पण मांसात आणि दुधाच्या पदार्थांत टिकून राहू शकतो. ब्रिटनमध्ये २००१ साली याच रोगाची साथ आली, तेव्हा ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. बेकायदा आयात झालेले मांस डुकरांच्या उष्ट्या-खरकट्या खाद्यात गेल्याने ही साथ सुरू झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. कोणाच्या तरी सामानातला मांसाचा एक तुकडा एवढे करू शकतो. पेढे, बर्फी, श्रीखंड, खवा, पनीर हे भारतातले दुधाचे पदार्थ सहसा आत जाऊ दिले जात नाहीत, त्याचे कारण हे आहे. पदार्थ शुद्ध आहे की नाही हा तिथे प्रश्नच नसतो. ज्या देशात हा रोग आहे तिथल्या दुधाला दार बंद, एवढा साधा हिशेब आहे.

धान्याच्या बाबतीत कारण आणखी जवळचे आहे. खपरा नावाचा एक भुंगेरा आहे. जगभरच्या शास्त्रीय पुस्तकांत त्याचे नाव याच भारतीय शब्दाने दिले जाते, कारण तो मूळचा भारतीय उपखंडाचा मानला जातो. प्रौढ किडा दोन-तीन मिलिमीटरचा, तपकिरी. नुकसान करते ती त्याची केसाळ अळी. साठवलेल्या गव्हात, तांदळात, डाळीत ती वाढते, धान्य पोखरते, आणि तिची कात व केस मिसळलेले धान्य खाण्यालायक राहत नाही. भिंतीच्या भेगांत, पोत्याच्या शिवणीत ती दडून बसते आणि अन्नाविना वर्षानुवर्षे जगू शकते, त्यामुळे तिला हटवणे अतिशय अवघड. आपल्या शेतमालाचा मोठा हिस्सा निर्यात करणाऱ्या देशात हा किडा स्थिरावला, तर गहू विकत घेणारे देश पाठ फिरवतील. ऑस्ट्रेलियाच्या कृषी खात्याच्या अंदाजानुसार अशा प्रादुर्भावाचे नुकसान २० वर्षांत १५.५ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकते.

म्हणून ऑक्टोबर २०२० पासून प्रवाशांच्या सामानातून आणि टपालातून येणाऱ्या काही वनस्पतिजन्य पदार्थांवर बंदी आली. ती यादी मराठी स्वयंपाकघराच्या फडताळासारखी वाचता येते: तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, चवळी, शेंगदाणे, जिरे, धणे, बडीशेप, सुक्या मिरच्या. किलोभर असो की पुडीभर, नियम तोच. कारखान्यात भाजून, तळून किंवा शिजवून बंद केलेल्या मालाला सवलत आहे. घरी भाजलेले आणि कागदात बांधलेले शेंगदाणे या सवलतीत बसत नाहीत, कारण ते किती तापले याची खात्री अधिकाऱ्याला कोणी देऊ शकत नाही. सिडनी, मेलबर्नमधल्या भारतीय दुकानांत हे सगळे जिन्नस मिळतात. चार किलो तूरडाळ समुद्रापार नेण्यात आता खरोखर अर्थ उरलेला नाही.

ताजी फळे, भाज्या, कढीपत्त्याची डहाळी, तुळशीचे रोप, पेरायचे बी हे घरीच ठेवावे. विमानात मिळालेले सफरचंद किंवा केळेसुद्धा विमानातच सोडायचे असते, आणि पर्समध्ये विसरलेले हे फळ पुष्कळांना अडचणीत आणते. चहापूड, बिस्किटे, कारखान्यात बनवलेले शाकाहारी लोणचे, पाकीटबंद बाकरवडी यांसारखे पदार्थ जाहीर केले तर सहसा पाहून परत देतात. वेष्टन न फोडलेले आणि त्यावर घटकांची इंग्रजी यादी असलेले बरे, कारण अधिकाऱ्याला ती वाचूनच निर्णय घ्यायचा असतो. पूजेच्या सामानाकडे बऱ्याच जणांचे दुर्लक्ष होते. नारळ, सुपारी, रुद्राक्षाची माळ, दर्भ, सुकी फुले, चंदनाचे खोड, लाकडी देव्हारा, गोमूत्र हे सगळे वनस्पती, लाकूड किंवा प्राणिजन्य पदार्थांत मोडते आणि कार्डावर सांगावे लागते. कोरलेली लाकडी मूर्ती भोके किंवा साल नसेल तर बहुधा मिळते. गोमूत्राची आशा सोडलेली बरी. कोणत्या पदार्थाला कोणती अट आहे, हे कृषी खात्याच्या संकेतस्थळावर निघण्याआधी पाहता येते. नियम बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षी शेजाऱ्यांनी काय नेले यावर विसंबून राहू नये.

औषधांचा नियम सरळ आहे. स्वतःच्या वापराची, डॉक्टरने लिहून दिलेली औषधे तीन महिन्यांच्या गरजेपुरती नेता येतात. ती मूळ वेष्टनात असावीत आणि सोबत इंग्रजीतली चिठ्ठी किंवा डॉक्टरचे पत्र असावे. गोळ्या डब्यात सुट्ट्या भरून नेणे टाळावे. आयुर्वेदिक चूर्णे आणि काढ्याची मुळे-पाने ही पारंपरिक औषधे म्हणून जाहीर करावी लागतात.

करमुक्त मालाच्या मर्यादा आकड्यांत आहेत. १८ वर्षांवरील प्रवाशाला ९०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू व खरेदी, त्याखालील वयाच्या प्रवाशाला ४५० डॉलरपर्यंत. दारू २.२५ लिटर. सिगारेटी २५, शिवाय एक उघडे पाकीट. मर्यादा ओलांडली की फक्त वरच्या भागावर कर लागेल असे समजू नये. त्या प्रकारच्या सगळ्या मालावर कर लागू शकतो. रोख रक्कम कितीही नेता येते, मात्र १०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त मूल्याची रोकड असेल, मग ती कोणत्याही चलनात असो, तर ती जाहीर करणे सक्तीचे आहे.

बॅगा पट्ट्यावरून उचलल्या की पुढे बाहेर जाण्याच्या वाटेवर अधिकारी कार्ड हातात घेतात, एक-दोन प्रश्न विचारतात आणि प्रवाशाला कोणत्या रांगेत जायचे ते सांगतात. आसपास लॅब्रॅडॉर कुत्री फिरत असतात. फळ, मांस, वनस्पती यांचा वास त्यांना शिकवलेला असतो आणि सापडले की ती बॅगेजवळ शांत बसतात. काही बॅगा क्ष-किरण यंत्रातून जातात. त्याआधी वाटेत मोठ्या पेट्या ठेवलेल्या असतात. मनात शंका असेल तर तो पदार्थ त्यात टाकून मोकळे होता येते आणि त्याचा दंड होत नाही.

‘होय’ लिहिलेल्या प्रवाशाला टेबलापाशी नेतात. तिथे डबे उघडले जातात. काही वस्तू लगेच परत मिळतात. काहींवर प्रवाशाच्या खर्चाने धुरी किंवा विकिरणाची प्रक्रिया करता येते, काही परत पाठवता येतात. बाकीच्या नष्ट होतात. आईने महिनाभर खपून केलेले लाडू अनोळखी माणसाच्या हातून पेटीत पडताना पाहणे सोपे नाही, आणि ते दुःख हसण्यावारी नेण्याजोगे नाही. पण जाहीर केलेली वस्तू जप्त झाली तरी दंड होत नाही, व्हिसाला धक्का लागत नाही, नोंदीवर डाग राहत नाही. संपूर्ण व्यवस्थेतली ही सर्वात महत्त्वाची गोष्ट आहे, आणि नेमकी तीच घाबरलेल्या प्रवाशाला कोणी सांगत नाही. वस्तू जाईल या भीतीने तो ती लपवतो, आणि गुन्हा घडतो तो लपवण्याने.

लपवलेले सापडले तर जागेवरच दंड होतो आणि तो हजारो डॉलरचा असू शकतो. जुलै २०२२ मध्ये बालीहून डार्विनला आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात अंडे व बीफ सॉसेजचे दोन मॅकमफिन आणि हॅमचा एक क्रोसाँ निघाला. झिंटा नावाच्या श्वानाने ते पदार्थ हुडकले. कार्डावर ते सांगितलेले नव्हते. तेव्हा इंडोनेशियात लाळ्या खुरकूतची साथ होती. प्रवाशाला २,६६४ डॉलर भरावे लागले. पर्यटकांसाठी याहून मोठी शिक्षा व्हिसाची आहे. २०१९ पासून जैवसुरक्षेच्या गंभीर उल्लंघनासाठी पर्यटक व्हिसा विमानतळावरच रद्द करता येतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिडनीला उतरलेल्या व्हिएतनामी महिलेजवळ डुकराच्या कच्च्या मांसासह सुमारे १० किलो न सांगितलेले खाद्यपदार्थ सापडले. तिला परत पाठवले आणि तीन वर्षे प्रवेश नाकारला. या कारणासाठी पर्यटक व्हिसा रद्द होण्याची ती पहिलीच घटना होती.

अधिकाऱ्यांना फोन आणि लॅपटॉप तपासण्याचाही कायद्याने अधिकार आहे. दुसऱ्याचे पार्सल ‘फक्त पोहोचवा’ म्हणून घेणे टाळावे, कारण बॅगेत काय आहे याचे उत्तर ज्याच्या हातात बॅग आहे त्यालाच द्यावे लागते.

विमानतळाबाहेर पडल्यावर एक गोष्ट उरते. ऑस्ट्रेलियातली राज्येही एकमेकांपासून आपली शेते जपतात. सिडनीत विकत घेतलेली फळे घेऊन पर्थला किंवा होबार्टला जाता येत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात दुसऱ्या राज्यातला मधही चालत नाही. तिथल्या विमानतळांवर देशांतर्गत प्रवाशांसाठीही फळे टाकण्याच्या पेट्या असतात, आणि टास्मानियात उतरणाऱ्यांच्या बॅगा कुत्री हुंगतात. मुंबईहून निघताना रिकामी केलेली पिशवी फिरतीवर पुन्हा भरताना हे लक्षात ठेवावे लागते.