हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांनी खेळावे का?

जून महिन्यात शाळा उघडल्या की काही पालक माझ्याकडे चिठ्ठी मागायला येतात : "डॉक्टर, याच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय, पी.टी.च्या तासातून सूट मिळावी असं लिहून द्या." चौकशी करावी, तर ऑपरेशनला चार-पाच वर्षे झालेली असतात आणि हृदयतज्ज्ञांनी खेळायला मनाई केलेली नसते. मनाई असते ती घरच्यांच्या धास्तीची.

ही धास्ती स्वाभाविक आहे, पण ती मुलाचे नुकसान करते. न खेळणाऱ्या मुलाचे स्नायू दुबळे राहतात, वजन वाढते आणि जिना चढतानाही दम लागतो. मग 'हृदयच कमजोर आहे' हा समज अधिक पक्का होतो.

मुलाला किती श्रम झेपतील, हे मूळ दोषावर अवलंबून असते. हृदयाच्या पडद्यातील छिद्र वेळेवर बंद केले असेल आणि फुप्फुसांतील रक्तदाब वाढलेला नसेल, तर मूल बहुधा इतरांसारखेच खेळू शकते. 'फॅलो'च्या विकारात शस्त्रक्रियेनंतरही फुप्फुसाकडे जाणारी झडप गळती राहू शकते. अशा मुलांची क्षमता थोडी कमी असते व त्यांची नियमित तपासणी आयुष्यभर करावी लागते. हृदयाचा एकच कप्पा काम करत असल्याने 'फॉन्टन' शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची क्षमता सरासरीने बरोबरीच्या मुलांच्या दोन-तृतीयांश असते. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम केल्यास तीही काहीशी सुधारते.

छातीचे हाड जुळेपर्यंत, म्हणजे पहिले सहा ते आठ आठवडे, सायकल, झाडावर चढणे व धक्काबुक्कीचे खेळ बंद ठेवावेत. मुलाला काखेत हात घालून उचलू नये. नंतर चालणे, मग हळूहळू पळणे, असा क्रम ठेवावा. खेळताना बोलता येत असेल, तर श्रम बेताचे आहेत असे समजावे. दमल्यावर त्याला थांबू द्यावे.

रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्यांनी कबड्डी, कुस्ती टाळावी. महाधमनी अरुंद असलेल्या मुलांचा रक्तदाब शस्त्रक्रियेनंतरही वाढू शकतो. त्यांनी वजन उचलण्याचे व्यायाम विचारल्याशिवाय करू नयेत.

पळताना चक्कर वा बेशुद्धी, छातीत दुखणे, धडधड किंवा ओठ निळे पडणे, यांपैकी काहीही झाल्यास खेळ थांबवून त्वरित डॉक्टरांना दाखवावे. मूल बेशुद्ध पडले तर थेट रुग्णालय गाठावे.

पुढच्या तपासणीच्या वेळी हृदयतज्ज्ञांना स्पष्ट विचारा : "कोणते खेळ चालतील, कोणते नाहीत?" शाळकरी वयाच्या मुलांची क्षमता पट्ट्यावर चालवून मोजता येते. मिळालेले उत्तर लिहून घ्या आणि तोच कागद शाळेत द्या. सूट मागणाऱ्या चिठ्ठीपेक्षा तो कागद मुलाच्या अधिक उपयोगी पडेल.