कोऱ्या पडद्याचा अर्थ

माठ विकत घेताना आपण त्यावर टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर ठेवून द्यायचा. डोळ्यांना न दिसलेली चीर कानांना कळते. आज मी ज्या विद्येविषयी बोलणार आहे, तिचं तत्त्व या टिचकीहून फार दूरचं नाही. कारखान्यात तिला अल्ट्रासॉनिक टेस्टिंग म्हणतात.

मी कलाशाखेचा पदवीधर, कविता लिहिणारा माणूस. माझ्या भाच्यानं या विषयाचा प्राथमिक अभ्यासक्रम केला आणि त्याच्या वह्या चाळता चाळता मीही त्यात रमलो.

आपल्या कानांना सेकंदाला फार तर २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. पोलाद तपासताना सहसा २० ते ५० लाख कंपनांचा ध्वनी वापरतात. तो निर्माण करतं प्रोबमधलं छोटं स्फटिक. विजेचा झटका बसला की ते थरथरतं, आणि परतलेल्या ध्वनीनं थरथरलं की वीज देतं. अशा स्फटिकांचा गुण क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवला. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो. वाटेत तडा किंवा पोकळी लागली तर तिथून परततो, नाही तर तळाला आपटून परततो. जायला-यायला लागलेल्या वेळावरून खोली कळते. पडद्यावर एक टोक उभं राहतं.

पहिला धडा मात्र हवेचा. प्रोब आणि पोलाद यांच्यामध्ये केसाएवढी हवा राहिली तरी ध्वनी आत शिरत नाही. म्हणून मध्ये तेल, ग्रीस किंवा खळीसारखा लेप लावतात. दुसरा धडा ठोकळ्याचा. ज्याचं माप आधीच ठाऊक आहे, अशा पोलादी ठोकळ्यावर यंत्र लावून घ्यायचं. २५ मिलिमीटर जाडीवर २५, ५०, ७५, १०० अशी टोकं आपापल्या जागी आली, तरच पुढच्या कामाला हात घालायचा.

तिसरा धडा मला सर्वांत मोलाचा वाटला. सरळ प्रोब लावल्यावर मध्ये कुठंच टोक नाही आणि तळाचं टोक ठसठशीत आहे, तर ध्वनी खाली जाऊन परत आला, एवढी खात्री होते. पण तळाचंही टोक नसेल तर? शिकाऊ मुलाला पडदा कोरा दिसतो आणि तो ‘दोष नाही’ म्हणू पाहतो. प्रत्यक्षात लेप वाळलेला असेल, धातूच्या जाड्याभरड्या कणांत ध्वनी विखुरला असेल, किंवा आतल्या तिरप्या तड्यानं तो भलतीकडे भिरकावला असेल. भाचा म्हणाला, “मामू, पडदा कोरा दिसला की पहिला संशय स्वतःवर घ्यायचा.” वेल्डिंगच्या जोडांवर ४५, ६० किंवा ७० अंशांचे तिरके प्रोब चालवतात. तिथं तळाच्या टोकाची साक्षही सहसा नसते. लेप नीट लागला होता का, प्रोब सगळीकडे फिरवला का, हे फक्त तपासणाऱ्यालाच ठाऊक.

या कामाच्या तीन पातळ्या आहेत. अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थेच्या शिफारशीत पहिल्या पातळीसाठी ४० तासांचं शिक्षण आहे, शिवाय प्रत्यक्ष कामाचा अनुभव. पहिल्या पातळीचा तंत्रज्ञ लेखी सूचनेबरहुकूम तपासतो आणि नोंदी करतो. दोषाचा अर्थ लावून अहवाल देणं हे मुख्यतः दुसऱ्या पातळीचं काम. पण खालची नोंदच खोटी असेल, तर वरचा शहाणपणा काय करणार?

रेल्वेच्या रुळांचंच घ्या. रुळाच्या माथ्यावर बारीक चिरांची जाळी असेल, तर ध्वनी तिथंच अडतो आणि खालचा खोल तडा झाकला जातो. अशा वेळी ‘दोष आढळला नाही’ असं नव्हे, ‘तपासता आलं नाही’ असं लिहावं लागतं. आणि लिहिलेलं कुणी तरी मनावरही घ्यावं लागतं. इंग्लंडमध्ये हॅटफिल्डजवळ १७ ऑक्टोबर २००० रोजी रूळ फुटून गाडी घसरली आणि चार प्रवासी दगावले. त्या रुळाच्या चिरा आधीच ठाऊक होत्या, रूळ बदलायचा तेवढा राहिला होता.

या विद्येत यंत्र महाग असतं, गणितही थोडं असतं. ती दोन्ही मिळवता येतात. ‘तपासता आलं नाही’ हे तीन शब्द लिहायला मात्र धीर लागतो, कारण ते लिहिले की काम थांबतं आणि वरिष्ठ रागावतात. शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून हा धीर मुलांना द्यावा, आणि वरिष्ठांनी तो खचू देऊ नये. त्या रुळावरून आपली मुलंबाळं जात असतात.